खंडेनवमीला विझलेली लॅब

आश्विन लागला की ठाण्यात ऊन पाठीत घुसायला लागतं, आणि टेंभी नाक्याचं नाव काढलं की रिक्षावाले मान फिरवतात. "तिकडं देवी बसलीय मॅडम, रस्ता बंद." मग लांबचा वळसा आणि मीटरकडे न बघता बसून राहायचं. झेंडूचे ढीग, त्यांच्यावर शिंपडलेलं पाणी, मंडपाच्या बांबूंना गुंडाळलेल्या कापडाचा कोरा वास आणि या सगळ्यावर ऑक्टोबरची धूळ. अशात फोन वाजतो. केतकीचा मेसेज असतो, दरवर्षी तोच: "ताई, यंदा खंडेनवमी कुठल्या वारी येतेय, बघितलंस ना?"

डोंबिवलीच्या आमच्या कॉलेजात केतकी कॉम्प्युटर शिकवते आणि मी अर्थशास्त्र. ती माझ्याहून पुष्कळ लहान, पण चिडवायला लागली की वयबिय बघत नाही. मीही दरवर्षी तेच उत्तर पाठवते, "बघितलं. तू बघ, तुझा प्रोग्राम काम सेव्ह करतोय का." फिट्टंफाट. पण तो मेसेज आला की एक अख्खा आश्विन माझ्यापुढे येऊन बसतो आणि खरं सांगते, अजून थोडा राग येतो. तो जावा असंही मला वाटत नाही. त्या रागाच्या जोरावर मी बरंच काही केलंय.

त्या वर्षी माझी पीएचडी चाललेली. चाललेली म्हणजे रखडलेली. कॉलेजच्या जिन्यात भेटेल तो विचारायचा, "झाली का?" मी म्हणायची, "होतेय." विषय होता बायकांचं घरबसल्या काम. अर्थशास्त्र म्हटलं की लोकांना शेअर बाजार आठवतो. बाळकुमच्या आमच्या सोसायटीत तर अजूनही कुणी ना कुणी लिफ्टमध्ये विचारतं, "मॅडम, कुठला शेअर घेऊ?" मला आठवायची कल्याणची आमची चाळ आणि दुपारी दारात पाय पसरून बसलेल्या बायका. मांडीवर ताट, ताटात मणी, हातात बारीक पक्कड. इमिटेशनच्या माळांचं काम. सरसासारख्या त्या गोंदाचा वास आमच्या दप्तरांना, उशांना, चपात्यांनासुद्धा यायचा. आईच्या उजव्या अंगठ्याला पकडीने घट्टा पडलेला. तो अजून आहे.

आणि सरकारी पाहणीत अशा बाईपुढे काय लिहिलेलं असतं? घरकाम. म्हणजे कामाच्या रकान्यात ती नाहीच. कारण दारात आलेला माणूस विचारतो, "तुम्ही काय करता?" आणि बाई पदर सावरत म्हणते, "मी काय करणार? घरीच असते." दिवसभर मणी ओवून मान मोडलेली असते, तरी घरीच असते! मला याचा इतका संताप यायचा की त्यावरच एक प्रकरण लिहून काढलं. या पाहण्यांची उत्तरं अभ्यासकांना मिळतात, नाव-गाव काढून टाकलेली. त्याच उत्तरांमधल्या इतर प्रश्नांवरून मी शोधलं, की 'घरकाम' म्हणून नोंदलेल्या किती बायका खरं तर कमावतायत. आकडा मोठा निघाला. मी खूश.

माझे गाईड खूश नव्हते. माणूस सज्जन, पण शब्द तोलूनमापून खर्च करणारा. म्हणाले, "आकडा चांगलाय. योगायोग कशावरून नाही?"

"म्हणजे सर?"

"पाहणीवाले या गल्लीऐवजी पलीकडच्या गल्लीत गेले असते तर? काम कशाला म्हणायचं ही तुमची व्याख्या थोडी सैल-घट्ट केली तर? आकडा टिकेल? दाखवा टिकतो म्हणून. नाहीतर हे प्रकरण काढून टाका. बाकीचा प्रबंध चांगला आहे, पास व्हाल."

दिवाळीच्या सुट्टीनंतर प्रबंध द्यायचाच होता, मुदतवाढ संपलेली. ते प्रकरण काढायचं म्हणजे आईला आणि तिच्या शेजारणींना पुन्हा एकदा 'घरीच असते' म्हणून परत पाठवायचं. पास व्हायला मला कुणी अडवलं नव्हतं. पण तेवढ्यासाठी मी एवढी वर्षं डोळे फोडून घेतले नव्हते.

सर म्हणत होते ते करायची रीत आहे. हाती आहेत तीच कुटुंबं पिशवीत घालून पुन्हापुन्हा हलवायची, चिठ्ठ्या काढाव्या तशी दर वेळी नव्याने काढायची आणि तेच गणित पहिल्यापासून करायचं. एकदा नाही, हजारो वेळा. व्याख्या बदलून परत तेवढ्याच वेळा. मग कळतं की आपला आकडा एका जागी उभा राहतो, की वाऱ्यावर डुलतो. मोठ्या संस्थांमध्ये अशा कामाला महासंगणक असतात. मी अर्ज केलेला, उत्तर आलं नाही. माझ्या लॅपटॉपवर एका फेरीला चहा करून, पिऊन, कप विसळून व्हायचा. त्या हिशोबाने पुढची दिवाळीही पुरली नसती.

केतकी म्हणाली, "एकाच बिचाऱ्या मशीनला किती मारशील? लॅब भरून मशीन पडलीत. लेखी परीक्षा सुरू आहेत, प्रॅक्टिकल नाहीत. सगळ्यांना वाटून देऊ."

तिने खरंच वाटून दिलं. पुस्तकात याला भारीभारी नावं आहेत. पण मी बघितलं तेव्हा मला आमच्या चाळीतल्या नलूमावशीच आठवल्या. त्या व्यापाऱ्याकडून पोतंभर मणी आणायच्या आणि पुडकी करून घरोघर टाकायच्या. ज्या घरात हात चालायचे तिथे दोन पुडकी, जिचं पोर आजारी तिच्याकडे एकच. संध्याकाळी माळा गोळा. केतकीचं टेबलावरचं मशीन म्हणजे नलूमावशी आणि बाकीची सगळी दारात बसलेल्या बायका. मी हे तिला सांगितलं तर म्हणाली, "ताई, परीक्षेत असं लिहिलं तर मी शून्य देईन हां." पण पुढे तीच वर्गात तसं शिकवायला लागली.

नवरात्रीच्या पहिल्या माळेला आम्ही सुरुवात केली. लॅबचा एसी कधीचाच गेलेला. सगळी मशीन एकदम कामाला लागली की खोलीत अशी ऊब साठायची की दार उघडताच चष्म्याला ती जाणवायची. तापलेल्या धुळीचा वास, पंख्यांचा एकसुरी घूं घूं आवाज. मला तो आवडायला लागला. मधल्या सुट्टीत डबा घेऊन मी तिथेच बसायची, नुसतं ऐकत. वाटायचं, चला, कुणीतरी काम करतंय. प्रत्येक मशीनवर केतकीने कागद चिकटवलेला: 'काम चालू आहे, कृपया बंद करू नये.' खाली दोघींच्या सह्या. लॅब सांभाळणारे सावंतकाका तो वाचून म्हणाले, "बरं हां मॅडम," आणि रोज मशीनना हात न लावता नुसती फरशी पुसून जात. कोकणातला माणूस, शब्दाचा पक्का.

आठवडाभर सगळं सुरळीत. आणि एका दुपारी परीक्षेचं सुपरव्हिजन आटोपून मी लॅबचं दार उघडलं, तर आत गार शांतता.

आधी वाटलं लाईट गेली. मग वास आला, उदबत्तीचा. प्रत्येक मशीनच्या कपाळावर हळदकुंकू, वर झेंडूचं फूल, कीबोर्डवर कागदाच्या तुकड्यात एकेक पेढा. दारावर आंब्याचं तोरण. सावंतकाका नवा शर्ट घालून उभे, चेहरा असा फुललेला की काय सांगू. "या मॅडम, तुमचीच वाट बघत होतो. सकाळीच सगळी बंद करून, पुसूनबिसून पूजा केली. खंडेनवमी ना आज."

मी मशीनवरच्या कागदाकडे बोट केलं. "काका, ती पाटी..."

"पाटी वाचली की! पण ती रोजच्यासाठी. सणाला कसली पाटी मॅडम? आज हत्यारं चालवायची नसतात. वर्षातनं एक दिवस विसावा."

तेवढ्यात मागून केतकी आली. तिने बघितलं आणि तिथेच स्टुलावर बसली. तिचा प्रोग्राम सगळी उत्तरं मशीनच्या डोक्यात ठेवत होता आणि एकदम शेवटी लिहून काढणार होता. तो शेवट यायचा होता. आठवडाभराचं सगळं गेलं, एक ओळ उरली नाही. "माझ्या घरीसुद्धा सकाळी पूजा केली गं," ती पुटपुटली, "विळीची, सायकलची, माझ्या लॅपटॉपचीपण. आणि लॅबचं डोक्यातच आलं नाही."

तिच्या डोक्यात आलं नाही आणि माझ्या डोक्यात येण्यासारखंच नव्हतं. आमच्या घरी खंडेनवमी नसते. आम्ही बौद्ध. आमच्यासाठी दुसरा दिवस मोठा, धम्मचक्र प्रवर्तन दिन. मी त्या दिवसाची पांढरी साडी इस्त्रीला टाकलेली, आईला विहारात कधी न्यायचं ते ठरवलेलं आणि आदला दिवस माझ्या लेखी नुसता गुरुवार होता.

सावंतकाकांना काहीतरी बिघडलंय हे कळलं. पेढ्याचा कागद हातात धरून म्हणाले, "तुमच्याकडे नसते का मॅडम, खंडेनवमी?"

"नसते, काका."

"मग आधी बोलायचं ना."

"मग आधी तुम्ही विचारायचं ना."

एवढी वर्षं एका इमारतीत काढली, एकमेकांची पोरं-बाळं माहीत आणि हे नाही. कोण कुणाला दोष देणार? त्यांनी प्रेमाने केलेलं, आणि म्हणूनच मला धड ओरडताही येईना. मी पेढा खाल्ला. चांगला होता मेला.

परत येताना रिक्षात रडले. सरळ सांगते, भोकाड पसरून रडले. रिक्षावाल्याने आरसा वर फिरवला आणि गाणं बंद केलं.

दुसऱ्या दिवशी कल्याणच्या विहारात आई आणि मी पांढऱ्या साड्यांत बसलेलो. मेणबत्त्यांचा वास, पोरांची पळापळ, बाहेर निळे झेंडे उन्हात फडफडतायत. वंदना झाली तरी माझं तोंड पडलेलंच. आईने विचारलं तेव्हा सगळं सांगितलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "म्हणजे माळ तुटली."

"तुटली नाही आई, पार विस्कटली."

"मग रडून मणी गोळा होतात व्हय?" असं म्हणून तिने पिशवीतून डब्यातली खीर काढून माझ्या हातात दिली. "खा आणि लाग कामाला. आयती पीएचडी कुणी दिलीय कुणाला!"

आईच्या बोलण्यात लाड कधी नव्हताच. पण ती म्हणाली आणि माझ्या पाठीचा कणा ताठ झाला. तिथे, त्या सतरंजीवरच मी ठरवलं, की प्रकरण काढायचं नाही. आकडा पडला तर पडू दे, पण तो गणिताने पाडावा. विजेच्या बटणाने नाही.

आता अडचण अशी की दसऱ्यानंतर लॅब ऑनलाइन परीक्षांना दिलेली. मशीन नाहीत. केतकी म्हणाली, "लॅब नाही तर घरं आहेत." तिने सुट्टी टाकून प्रोग्राम नव्याने लिहिला. काम आणखी बारीक तोडलं. प्रत्येक तुकडा झाला की उत्तर लगेच तिच्या घरच्या मशीनवर येऊन लिहिलं जाणार, आणि ठरल्या वेळात उत्तर नाही आलं तर तोच तुकडा दुसऱ्या कुणाकडे. कुणी बंद पडलं तरी काम बंद पडणार नाही. मी मात्र दारोदार फिरले, लाज गुंडाळून. "तुमचा कॉम्प्युटर रिकामा असतो ना? द्या मला दिवाळीपर्यंत. बाहेर काही जाणार नाही, नुसती बेरीज-वजाबाकी करेल."

हे पटवणं सोपं नव्हतं हो. आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरींनी आधी विचारलं, "व्हायरस येणार नाही ना?" आणि मग, "लाईट बिल कोण भरणार?" मी म्हटलं, "मी." तेव्हा कुठे ऑफिसातला कॉम्प्युटर मिळाला. टेंभी नाक्याजवळ केतकीच्या मामांचं बॅनर छापायचं दुकान. देवी गेल्यावर त्यांचं दणकट मशीन मोकळं झालं. मामा म्हणाले, "घे बाई, तसंही निवडणूक लांब आहे." दिवा स्टेशनजवळ माझी जुनी विद्यार्थिनी राहते, अर्चना. तिच्याकडे वीज कधी जाईल याचा नेम नाही. "चालेल का मॅडम? आणि पाण्याचा टँकर आला की मी हंडे घेऊन खाली, लॅपटॉप वर एकटाच."

"चालेल गं. जेवढं होईल तेवढं."

आणि खरंच चाललं. दिव्यातली वीज गेली की अर्चनाचे तुकडे बाळकुमकडे वळायचे. सेक्रेटरींना पावत्या छापायच्या असल्या की त्यांचे तुकडे टेंभी नाक्यावर. केतकीच्या पडद्यावर मी हे बघत बसायची. हिरव्या चौकटी, एक विझली की दुसरी पेटणारी. ठाण्यापासून कल्याणपर्यंत माझ्या आईच्या कामाची मोजदाद चाललेली आणि त्या घरांतल्या कुणाला त्याचा पत्ताही नाही. कुणी चकल्या तळतंय, कुणी कंदील चिकटवतंय आणि कोपऱ्यात मशीन आपलं गणित करतंय. मला तेव्हा या शहरांबद्दल जेवढं प्रेम वाटलं तेवढं आधी कधी वाटलं नव्हतं. एरवी मी नुसती त्यांना शिव्याच घालते.

सावंतकाका एके दिवशी लेकीचा लॅपटॉप पिशवीत घेऊन स्टाफरूममध्ये आले. "यात टाका तुमचं ते." केतकीने टाकून दिलं. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी त्यांनी फोटो पाठवला. पाटावर लक्ष्मी, केरसुणी, बत्तासे आणि बाजूला उघडा, चालू लॅपटॉप, त्याच्या कपाळावर कुंकू. खाली लिहिलेलं, "बंद केला नाही मॅडम. बायको नाही म्हणत होती, मी सांगितलं, आमच्या मॅडमचं काम आहे." मी तो फोटो केतकीला पाठवला. तिने विचारलं, "ताई, रडतेयस का?" मी म्हटलं, "गप गं."

भाऊबीज उलटल्यावर शेवटचा तुकडा आला. केतकीने विचारलं, "बघू?" मी म्हटलं, "थांब, पाणी पिते." मग बघितलं.

आकडा माझ्या आधीच्या आकड्याहून लहान होता. खेड्यांबद्दल मी जे झोकात लिहिलेलं ते टिकलं नाही, दर फेरीला वेगळंच उत्तर. ती पानं गेली. आवडती पानं होती, एक वाक्य तर मी भाषणांतही वापरायची. पण शहरांतलं उभं राहिलं. पिशवी कितीही हलवा, व्याख्या सैल करा, घट्ट करा, गल्ली बदला, त्या बायका तिथेच, जागच्या हलत नाहीत. केतकीने टेबलावर हात आपटला.

गाईडनी चष्मा काढून कागद वाचले. "कमी झाला की आकडा."

"झाला सर. पण आता हलत नाही."

त्यांनी पुन्हा पहिल्या पानापासून वाचलं. मग कागद सारखे करून माझ्या पुढ्यात ठेवले आणि म्हणाले, "ठेवा मग प्रकरण." एवढंच. त्यांच्या तोंडून एवढंही पुष्कळ.

आज त्या लॅबला एसी आहे, खंडेनवमीची पूजा मशीन चालू ठेवून होते, आणि माझी पोरं, म्हणजे विद्यार्थी, बाजारभाव, भाडी, रोजगार काय काय त्या मशीनवर चाळत असतात. त्यांना वाटतं हे असंच असतं पहिल्यापासून. वाटू दे. त्यांना मी एवढंच सांगते की एकदा आलेल्या उत्तरावर भाळू नका. त्याला हजारदा उठवा-बसवा, मगच त्याच्या बाजूने भांडा.

पण मला सांगायचंय ते त्या संध्याकाळचं. गाईडकडून निघाले ती घरी न जाता तडक कल्याणला. आई ओट्यापाशी तांदूळ निवडत बसलेली. डोळ्यांनी दगा दिल्यापासून मणी सुटलेले, पण तांदूळ ती कुणाला निवडू देत नाही. मी म्हटलं, "टिकलं आई, प्रकरण टिकलं."

"बरं झालं." बोटं ताटात फिरतच होती. एक खडा बाजूला टाकून म्हणाली, "पण आपल्या चाळीत तर विचारायला कुणी आलंच नव्हतं कधी. मग मी कशी मोजली गेले?"

मी समजावलं. सगळ्यांना विचारत नाहीत, आई. मधूनमधून एखादं घर धरतात. त्या घरातली बाई तिच्यासारख्या शेकडो जणींच्या वतीने असते. तुझ्या वतीनेही कुणीतरी होती.

"कोण गं?"

"ते नाही कळत. नाव नसतं."

"मुंबईची असंल का?"

"असेल. किंवा सोलापूरची, कुठलीही. खरंच माहीत नाही."

आईची बोटं थांबली. तिने ताट मांडीवरून खाली ठेवलं आणि पदराला हात पुसले.

"आणि ती काय म्हणाली? घरीच असते म्हणाली?"

"हो. तसंच म्हणाली."

"मी पण तेच म्हटलं असतं," आई म्हणाली. मग माझ्याकडे रोखून बघत तिने विचारलं, "मग तू तिचं ऐकलं नाहीस ना?"

"नाही ऐकलं."

"बरं केलंस," ती म्हणाली, आणि तिने ताट परत मांडीवर ओढलं.